पिझ्झाची भट्टी : घरी बांधताना

इटलीतील नेपल्स शहरात पिझ्झा भाजतात तो लाकडावर तापविलेल्या, विटांच्या घुमटाकार भट्टीत. तेथील पिझ्झा कारागिरांच्या कलेस युनेस्कोने २०१७ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अशी भट्टी अंगणात बांधता येते आणि उष्णतेचा धडाही तीत शिकता येतो. तापलेल्या फरशीतून वहनाने तळ भाजतो, घुमटाच्या प्रारणाने वरची बाजू भाजते, आणि ज्वालेची हवा आत फिरते ते अभिसरण. ४०० अंश सेल्सिअसच्या वर पिझ्झा दीड मिनिटात होतो.

फरशी व घुमटास फायरब्रिक वापरावी. सांध्यांत फायरक्ले व वाळू भरावी. नुसते सिमेंट त्या तापात भुसभुशीत होते. ओल्या वाळूच्या ढिगावर घुमट रचून, सांधे धरल्यावर वाळू तोंडातून काढावी. तोंडाची उंची घुमटाच्या आतील उंचीच्या सुमारे ६३ टक्के, म्हणजे ४० सें.मी. घुमटास २५ सें.मी. ठेवावी. तोंड उंच झाले तर उष्णता पळते, बुटके झाले तर धूर कोंडतो. कमानीचे मात्र पुस्तकापेक्षा आपल्यातील गवंडी बांधवांनाच विचारावे.

आम्ही विचारले नाही. तिसऱ्याच दिवशी पाहुण्यांसाठी मोठा जाळ केला. पाण्याची वाफ सुमारे १६०० पट जागा घेते. विटांतील ओल कोंडली आणि घुमटास माथ्यापासून तोंडापर्यंत भेग गेली. दोन आठवडे सुकू देऊन, मग आठवडाभर रोज लहान जाळ थोडाथोडा वाढवीत न्यावयास हवा होता. आता दुसरा घुमट सुकतो आहे. आज अकरावा दिवस.