सायकल आणि न गंजणारे पोलाद

सायकलस्वाराचा सारा भार सायकलच्या सांगाड्यावर असतो. साधे पोलाद बळकट खरे. परंतु नळ्यांत पाणी शिरले, की गंज त्यांना आतून पोखरतो व वरच्या रंगामुळे तो दिसतही नाही.

१९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम मिसळून स्टेनलेस स्टील तयार केले. क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर अतिसूक्ष्म थर बसतो. तो खरवडला, तरी पुन्हा बनतो. म्हणून हे पोलाद सहसा गंजत नाही.

मग सर्वच सायकली याच्या का नसतात? ते महाग असते आणि साध्या पोलादाइतकेच जड. सांगाडा हलका हवा, तर नळ्या पातळ हव्यात. पातळ नळ्यांना विशेष बळकट पोलाद लागते व ते घडवणे कठीण असते. धातू निवडताना केवळ चकाकी पाहून चालत नाही.