फटाक्याला घाबरून पळालेली कुत्री

प्रश्न : लवासात दासव्याला मुक्कामी होतो. फटाक्यांना घाबरून आमची कुत्री पट्टा तोडून डोंगराकडे पळाली. कालपासून पत्ता नाही. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आशा सोडू नका. भेदरलेलं कुत्रं बऱ्याचदा जवळच, झाडीत किंवा रिकाम्या बंगल्याच्या जिन्याखाली दडून बसतं. मालकाची हाक ऐकूनही ते हलत नाही, म्हणून ते ओळख विसरलं असं समजू नका. घोळका करून, आरडाओरडा करत शोधू नका. त्यानं ते आणखी वर पळेल. जिथून पळाली तिथेच तुमचा न धुतलेला सदरा, तिचं अंथरूण आणि पाणी ठेवा. पहाटे नि रात्री, वर्दळ थांबल्यावर, ती परतण्याची शक्यता जास्त. दिसलीच तर मागे धावू नका. खाली बसा, नजर दुसरीकडे ठेवा, हळू आवाजात बोला.

फोटो आणि फोन नंबर सुरक्षारक्षक, सफाई कामगार, दूधवाले आणि मुगाव-धामणओहोळकडच्या गुराख्यांना द्या. रानवाटा त्यांनाच ठाऊक. वरसगाव जलाशयाचा काठही पाहा, तहानेनं ती तिथे उतरेल. मुळशीच्या या भागात बिबट्याचा वावर आहे, म्हणून अंधारात एकट्यानं रानात शिरू नका. सापडल्यावर जखमा, गोचिड्या पाहून पशुवैद्याकडे न्या, रेबीजची लस चालू आहे का तेही तपासा. आज रात्री त्या जागी घरातलं कुणीतरी थांबायलाच हवं.