विकेंद्रित समाजमाध्यमे : अडचण नेमकी कोठे?

समाजमाध्यम म्हटले की एक कंपनी आणि एक संकेतस्थळ असे चित्र डोळ्यांसमोर येते. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली सुरू केलेले ‘मॅस्टोडॉन’ या चित्रात बसत नाही. ते हजारो स्वतंत्र सर्व्हरांचे जाळे आहे. कोणी संस्था, कोणी हौशी तंत्रज्ञ आपापला सर्व्हर चालवतो. ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामायिक नियमावलीमुळे एका सर्व्हरवरील सभासदाला दुसऱ्या सर्व्हरवरील लेखन वाचता येते, त्यावर उत्तरही देता येते.

बँकेच्या ग्राहकास ही रचना अपरिचित वाटू नये. त्याच २०१६ साली आलेल्या यूपीआयमध्ये खाते एका बँकेत असते आणि पैसे दुसऱ्या बँकेतील खात्यात जातात. यूपीआयचा पत्ता दोन भागांचा असतो, तसाच मॅस्टोडॉनचाही : आधी नाव, नंतर सर्व्हर. ईमेलचेही तेच. तरीही नवागत गोंधळतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यानंतर अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनची वाट धरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ईलॉन मस्क यांनी ट्विटर खरेदी केल्यावर जगभरातून त्याहून मोठी लाट आली. दोन्ही वेळा आलेल्यांपैकी बरेच जण परत फिरले.

याचे एक कारण प्रवेशद्वारातच होते. “कोणता सर्व्हर हवा?” हा पहिलाच प्रश्न. ज्या गावात कधी पाऊल टाकले नाही, तेथे घर कोणत्या आळीत हवे असे विचारण्यासारखा हा प्रकार. पुढे दुसऱ्या सर्व्हरवरील व्यक्तीचे पान उघडून तिचे अनुसरण करू पाहावे, तर आधी स्वतःच्या सर्व्हरवर जाण्यास सांगितले जाते. एकाच लेखाखाली येथे दहा उत्तरे दिसतात, तेथे चारच. २०२३ साली मॅस्टोडॉनने आपल्या ॲपमध्ये स्वतःचाच मोठा सर्व्हर प्रथम सुचवण्यास आरंभ केला. त्यामुळे नोंदणी सोपी झाली, मात्र गर्दी पुन्हा एकाच ठिकाणी जमू लागली.

तथापि या अडचणी चांगल्या मांडणीने दूर होण्याजोग्या आहेत. खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. यूपीआयच्या पाठीशी राष्ट्रीय देयके महामंडळ आहे, रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे, तक्रारीसाठी लोकपाल आहे. मॅस्टोडॉनवर सभासदाचा संबंध येतो तो सर्व्हरचालकाशी. खासगी संदेशही त्याला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. सर्व्हर बदलता येतो, पण मोबाइल क्रमांकासारखा पत्ता सोबत नेता येत नाही. अनुयायी नव्या पत्त्यावर येतात, जुने लेखन मात्र मागेच राहते. शिवाय हे स्थलांतर जुना सर्व्हर चालू असेतोवरच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या ‘डॉट एएफ’ या नामविस्तारावर नोंदलेल्या एका सर्व्हरचे नाव तेथील शासनाने निलंबित केले, तेव्हा तेथील सभासदांचे पत्ते एकाएकी निरुपयोगी ठरले. ट्विटरवरून बाहेर पडलेल्यांना नेमके हेच परावलंबित्व टाळायचे होते!

म्हणूनच सर्व्हर निवडताना त्याच्या विषयापेक्षा चालक कोण, खर्च कोठून भागतो आणि तो किती वर्षे चालू आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत समाविष्ट होणाऱ्या सर्व्हरना दररोज माहितीची राखीव प्रत ठेवणे, आणीबाणीसाठी आणखी किमान एका व्यक्तीकडे ताबा देणे आणि सर्व्हर बंद करण्यापूर्वी किमान ३ महिने सूचना देणे या अटी मान्य कराव्या लागतात. यादीबाहेरील सर्व्हरना हे बंधन नाही. आपल्या लेखनाची आणि अनुसरण केलेल्या खात्यांच्या यादीची प्रत उतरवून घेण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ती अधूनमधून वापरावी.