पाठकोऱ्या कागदावर

तायडे, परवा माळा आवरताना सापडलेली ती जुनी चित्रकलेची वही तू मला दाखवायला घेऊन आलीस. म्हणालीस, "बघ ना ताई, इंटरमिजिएटला 'बी' ग्रेड होती माझी. आता साधं वांगं काढायला सांगितलं तरी जमायचं नाही." आणि हसलीस. तुझं ते हसणं मला काही आवडलं नाही. म्हणून आज कामं हातावेगळी करून तुझ्याशी बोलायला बसले. चहा थंड होऊ देऊ नकोस.

आधी माझी कबुली ऐक. चार वर्षांपूर्वी मी छत्तीस रंगांची पेटी आणि जाड कागदाची महागाची वही मागवली होती. आठ महिने तिचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. रोज कपाट उघडायचं, वहीकडे बघायचं, साडी काढायची आणि कपाट लावून टाकायचं. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. इतका चांगला कागद आपल्या हातून वाया जाईल, ही भीती होती.

अगं, आपण वाढलोच तशा. शिळ्या पोळीचा कुस्करा करायचा, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, दूध नासलं तरी त्याचं काहीतरी करायचं. आपल्या घरात वाया घालवणं हे पाप. ती शिस्त चांगलीच आहे, संसार तिच्यावरच चालले. पण नवीन काही शिकायला बसलं की तीच शिस्त आडवी येते. कारण शिकताना पहिलं जे होतं ते वायाच जातं. पहिली भाकरी काय गोल झाली होती का तुझी? तेव्हा मात्र कोणी म्हणालं नाही की पीठ वाया जातंय, राहू दे. कारण भाकरी लागणारच होती. चित्र कोणालाच लागत नाही, म्हणून त्याच्या नावाने एक कागदही आपण सोडत नाही.

माझी गाडी सुटली ती पाठकोऱ्या कागदांमुळे. पोरांच्या प्रोजेक्टच्या प्रिंट, फसलेल्या झेरॉक्स, लग्नपत्रिकांची पाकिटं, सगळं एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात जमवलं. एका बाजूने तो कागद कामी येऊन गेलेलाच असतो. दुसऱ्या बाजूवर काहीही होऊ दे, कोणाचं काही जात नाही. त्या दिवशी मी कुकर लावला, डबा उघडला आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावरचं वांगं काढलं. खोडरबर शोधायला नको म्हणून सरळ बॉलपेनने.

काय निघालं सांगू? पुस्तकातलं वांगं. 'व वांग्याचा' मधलं. वर गोल टोपी, खाली जांभळा फुगा. आणि समोर होतं आपलं भरताचं वांगं, हिरवं, लांबट, अंगावर पांढुरक्या रेघा असलेलं. म्हणजे मी बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं ते भाजलं, सोललं, ठेचलं, पण बघितलं नव्हतं. तायडे, चित्र येत नाही असं आपण म्हणतो ना, त्यातला निम्मा भाग हाताचा नसतोच. आपण डोळ्यासमोरचं सोडून डोक्यातलं काढत असतो.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे की, एकच वस्तू धर आणि सात दिवस तीच काढ. रोज नवीन विषय शोधू नकोस, शोधण्यातच शिट्ट्या होऊन जातात. वांगं घे, नाहीतर तुझा चहाचा कप घे. तुला एलिमेंटरीला वस्तुचित्र होतं, आठवतं? कपाचं तोंड वरून बघितलं तर गोल, जरा दूर ठेवलं तर लांबट, आणि डोळ्याच्या रेषेत धरलं तर फक्त एक आडवी रेघ. कप तोच, तोंड तेच. कपाचं बूड सपाट आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण ते सरळ रेघेने काढतो आणि मग कप पडल्यासारखा दिसतो. वरची कड वळली तर खालचीही वळते, आणि ती डोळ्यापासून आणखी खाली असल्याने जरा जास्तच वळते. हे एकदा दिसलं की पातेलं, बादली, विहिरीचा काठ, सगळंच सुटतं.

आणखी एक युक्ती. कपाचा कान काढायला जाऊ नकोस. कान आणि कप यांच्या मधे जी खिडकी उरते ना, तिचा आकार काढ. कानाबद्दल आपल्या डोक्यात आधीच काहीतरी बसलेलं असतं, त्या खिडकीबद्दल काहीच नसतं. म्हणून ती बरोबर येते, आणि तिच्या आधाराने कानही बरोबर येतो. केळीच्या फणीलाही हेच लावून बघ. दोन केळ्यांमधल्या फटी काढ, फणी आपोआप उभी राहते.

आता तू म्हणशील, रोज कागद काळे करून शेवटी हाती काय लागणार? थांब, तुला आपल्याच भागातली गोष्ट सांगते. अजिंठ्याच्या पारोची आणि तिच्या इंग्रज साहेबाच्या प्रेमाची गोष्ट तुला माहीत आहे, सिनेमाही आला होता. पण तिच्या त्या साहेबाचं पुढे काय झालं, ते आपण फारसं बोलत नाही. तो साहेब म्हणजे रॉबर्ट गिल, मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर वर्षानुवर्षं त्या नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळून गेल्या. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. तो पुन्हा अजिंठ्याला आला आणि पुन्हा नकला करायला बसला. मधल्या काळात, पन्नाशी उलटल्यावर, तो कॅमेराही शिकला होता. त्याची कबर आपल्या भुसावळलाच आहे.

त्याच्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तिथे येत राहिले. तेरा वर्षं काम चाललं. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच गेल्या. वाया गेलं म्हणायचं का? कागदोपत्री गेलंच. पण दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराची रेघ ज्या पोरांनी वर्षानुवर्षं आपल्या हाताने गिरवली, त्यांचे हात काही त्या आगीत नव्हते. तुझा बिस्किटाचा डबा उद्या रद्दीत गेला तरी तुझं तसंच होणार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची, चाळीसगावची. केकी मूस. शिकायला इंग्लंडात शेफिल्डला गेले होते. परत आले ते चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या आपल्या घरात राहिले, आणि १९८९ च्या शेवटी वारले तोवर, जवळजवळ पन्नास वर्षं, त्या घराबाहेर क्वचितच पडले. पण आत बसून काय काय केलं! चित्रं काढली, मूर्ती केल्या, लाकडात काम केलं, कागदाच्या घड्या घालून आकार केले. आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून असे फोटो काढले की बघणाऱ्याला वाटावं, हा कुठल्या दूरदेशीचा देखावा. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. एकदा एसटीने जाऊन येऊ आपण.

मी मागे एकदा जाऊन आले, तेव्हा तिथून परतताना माझ्या मनात काय आलं सांगू? घरात राहायचं तर त्यांनी स्वतः ठरवलं होतं. आपण दोघी तशाही घरातच असतो, न ठरवता. फरक एवढाच की त्यांचं टेबल त्यांचं होतं. आपल्या टेबलावर पोराचा अभ्यास, सासऱ्यांची औषधं, इस्त्रीचे कपडे, निवडायची मेथी. म्हणून तुला दुसरं सांगणं, थोडी जागा राखून ठेव. खोली नको मागूस, वाद होतील. खिडकीजवळचा एक पाट पुरतो. पण त्यावर मेथी ठेवू द्यायची नाही.

आणि तिसरं, नवीन काही करायचं म्हणजे बाजारातून आणायचं असं नसतं. शेतातली पऱ्हाटी उपटून झाली की काड्यांचा ढीग असतोच. एक काडी तासून टोक काढ, शाईत बुडव, लेखणी तयार. तिची रेघ कुठे जाड, कुठे बारीक येते, मधेच सुकते, पण पेनाच्या रेघेपेक्षा जिवंत वाटते. त्याच काड्या एका पत्र्याच्या डबीत गच्च भरून झाकण घट्ट लाव, झाकणाला खिळ्याने बारीक भोक पाड आणि डबी चुलीत ठेव. आत हवा फारशी शिरत नाही म्हणून काडी जळून राख होत नाही, कोळसा होतो. चित्रकार विकत घेतात तो काडीकोळसा याच रीतीने होतो. पहिल्यांदा माझं झाकण सैल राहिलं आणि डबीभर राख मिळाली. हसू नकोस, त्या राखेने भांडी घासली. चहाचं उरलेलं पाणी ब्रशने फिरवलं की सुंदर बदामी सावली येते. हा चहा संपवू नकोस सगळा, तळाशी थोडा ठेव.

घरचं झालं की बाहेर पड. बसस्टँडवर बसची वाट बघताना समोरच्या बाईचा बसलेला आकार काढ. चेहरा नाही, फक्त पाठीचा बाक आणि मांडीवरची पिशवी. बस आली की चित्र तिथेच सोडायचं. गिरणेला आवर्तन सुटलं की सगळं गाव पुलावर पाणी बघायला जातं, तेव्हा तू पाणी बघणारी माणसं बघ. कठड्याला रेललेल्या पाठी एकसारख्या नसतात. अपुरं राहिलं तर राहू दे. अशी अपुरी चित्रंच हाताला वेग देतात.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं माहीत आहे ना? लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढत, तर त्यांच्या आईने त्यांना कोरी वहीच आणून दिली. पुढे त्यांना रोजच्या दिवसाची चित्रं वहीत काढायची सवयच लागली. त्यांच्या १९४९ पासूनच्या चित्रडायऱ्या पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. गावातली लग्नं, पाद्री, कुत्री, शेजारी, सगळं आहे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं त्यांचं. आपल्याला वही आणून द्यायला आता आई येणार नाही. ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आणि चित्र काढल्याने स्मरणशक्तीलाही मदत होते का म्हणशील, तर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांचं काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. काही शब्द लोकांना लिहायला दिले, काहींची चित्रं काढायला दिली. काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले, अगदी चार सेकंदांत खरडलेल्या चित्रांचेसुद्धा. चित्र देखणं असण्याची गरज पडली नाही. तेव्हा किराण्याची यादीही कधी काढून बघ. गूळ काढायला काय मजा येते!

एक पथ्य मात्र पाळ. पहिले दोन महिने कोणाला दाखवू नकोस आणि स्टेटसला तर मुळीच ठेवू नकोस. अंगठे आले तर त्यांची चटक लागते, नाही आले तर वही मिटते. मोबाइलवर चाळीस सेकंदांत हुबेहूब डोळा काढणारी पोरगी दिसते ना, तिने त्यामागे किती कागद फाडले ते त्या चाळीस सेकंदांत मावत नाही. तिच्याशी बरोबरी नको. तुझं मंगळवारचं वांगं तुझ्या सोमवारच्या वांग्याशेजारी ठेव, तेवढं बस.

घरातलं कोणी विचारेलच. मला सासूबाईंनी विचारलं होतं, "काय करी ऱ्हायनी व?" मी म्हटलं, "वांगं बघतेय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ऊन लागलंय मला. मग काही बोलल्या नाहीत.

कागद फार साठले तेव्हा टाकवेनात, म्हणून मी ते फडताळात डब्यांखाली अंथरले. आपली सवय ती आपली सवय. एके दिवशी सासूबाई तुरीच्या डाळीचा डबा काढत होत्या. डबा तसाच हातात धरून थांबल्या. खालचं वांगं बराच वेळ बघितलं आणि मला हाक मारली.

"वांगाना देठ असा ऱ्हास का व?"

मी जाऊन बघितलं. बरोबर होतं त्यांचं. मी देठाची टोपी वांग्याच्या डोक्यावर नुसती ठेवून दिली होती. खऱ्या वांग्याला ती घट्ट चिकटलेली असते, तिच्या पाकळ्या खाली अंगावर ओढल्यासारख्या उतरतात. साठ वर्षं वांगी चिरलेल्या बाईला ते एका नजरेत दिसलं होतं. त्यांनी टोपलीतलं एक वांगं उचलून माझ्यासमोर धरलं आणि देठावरून बोट फिरवून दाखवलं.

मी बिस्किटाचा डबा आणायला गेले. कुकर लावायचा राहिला होता त्या दिवशी.