उन्हाळी सुट्टीत मुलांसह करा बांधावरच्या जीवसृष्टीचा अभ्यास

मे महिना सुरू झाला की शाळांना सुट्टी लागते. याच काळात शेतात नांगरट, कुळवणी, बांधबंदिस्ती, शेणखत पसरणे अशी खरिपाच्या तयारीची कामे चालू असतात. मुले सकाळ-संध्याकाळ मोकळी असतात आणि दुपारभर घरात बसून कंटाळतात. या दिवसांत घराभोवतीच्या, गोठ्याजवळच्या व बांधावरच्या जीवसृष्टीचा मुलांसोबत पद्धतशीर अभ्यास केल्यास त्यांचे ज्ञान तर वाढतेच, शिवाय येणाऱ्या हंगामात शेतीलाही त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

आपल्या शेतात वावरणाऱ्या जिवांपैकी पिकाचे नुकसान करणारे फार थोडे असतात. बाकीचे एकतर निरुपद्रवी असतात किंवा किडींना खाऊन आपलेच काम करीत असतात. मात्र ओळख नसल्यामुळे अळी दिसली की फवारणी, घुबड दिसले की दगड आणि साप दिसला की काठी, असे सर्रास घडते. यात औषधाचा खर्च वाया जातो आणि मित्र मारले गेल्याने पुढे कीड अधिकच वाढते. जो जीव ओळखीचा असतो तोच राखला जातो, आणि ही ओळख लहानपणी झाली तर ती आयुष्यभर टिकते.

आवश्यक साहित्य

यासाठी विशेष खर्च नाही. एक शंभर पानी वही, पेन्सिल, मोजपट्टी, रुंद तोंडाची काचेची स्वच्छ बरणी, तिच्या तोंडावर बांधण्यासाठी पातळ कापड आणि विजेरी एवढे पुरते. भिंग मिळाल्यास उत्तम. घरात मोबाईल असल्यास छायाचित्र काढून ठेवावे, परंतु वहीत चित्र काढण्याचा आग्रह धरावा. चित्र काढताना पाय किती, ठिपके कोठे, चोच कशी हे बारकाईने पाहावे लागते. कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा डबा धुऊनसुद्धा या कामासाठी वापरू नये.

वहीत पुढील रकाने आखावेत : तारीख व वेळ, ठिकाण, काय दिसले, किती दिसले, काय करीत होते, घरातील वडीलधारी माणसे त्याला काय म्हणतात. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. एकाच पक्ष्याला किंवा किड्याला गावोगावी वेगळी नावे असतात आणि ती आजी-आजोबांना ठाऊक असतात. ती लिहून ठेवली नाहीत तर त्यांच्याबरोबरच जातात.

निरीक्षणासाठी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५.३० नंतरची वेळ निवडावी. पहिल्या आठवड्यात एकच झाड व एकच बांध ठरवून घ्यावा. रोज नवी जागा पाहण्यापेक्षा तीच जागा रोज पाहिल्यास बदल लवकर लक्षात येतात.

१) नांगरामागचे पक्षी

उन्हाळी नांगरटीमुळे जमिनीत दडलेले घाटे अळीचे कोष, हुमणीच्या अळ्या व इतर किडींच्या अवस्था उघड्या पडतात. त्यातील काही उन्हाने मरतात व काही पक्षी वेचून खातात. मुलांना बांधावर सावलीत बसवून अर्ध्या तासात साळुंकी, गाय बगळे, कोतवाल व कावळे किती आले, ते मोजण्यास सांगावे. कोण तासात उतरून खातो आणि कोण उडता किडा टिपतो, हेही लिहावे. कोतवाल हा तारेवर किंवा फांदीवर बसून झेप घेणारा पक्षी आहे. पिकात पक्ष्यांना बसण्यासाठी मचाण उभारण्याची शिफारस का केली जाते, हे त्याला पाहून मुलांना न सांगताच समजते. नांगरट दिवसाउजेडी केल्यास पक्ष्यांचा हा लाभ पुरेपूर मिळतो.

२) लिंबावरील अळी ते फुलपाखरू

परसातील कढीपत्ता किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळी, वाटोळी, एकेकटी घातलेली अंडी शोधावीत. त्यातून निघणारी लहान अळी काळपट असून तिच्यावर पांढरे पट्टे असतात. ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिला टाळतात. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. काडीने हलकेच डिवचल्यास डोक्यामागून तांबूस शिंगासारखा अवयव बाहेर काढते व उग्र वास सोडते.

अशी एक अळी फांदीसह बरणीत ठेवावी, रोज ताजी पाने द्यावीत, विष्ठा झाडून टाकावी व तोंडाला कापड बांधावे. अळी खाणे थांबवून कोषात जाते आणि त्यातून काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेले फुलपाखरू बाहेर येते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सुमारे ३ ते ४ आठवडे लागतात, म्हणजे एका सुट्टीत पूर्ण जीवनक्रम पाहून होतो. कोणत्या तारखेला कोणती अवस्था होती ते लिहावे.

या एका प्रयोगातून मुलाला दोन गोष्टी कळतात. एक, पाने खाणारी अवस्था फक्त अळीची असते. लिंबाच्या रोपवाटिकेत ही अळी नुकसान करते, पण चार-दोन रोपांवर ती हाताने वेचूनही भागते. दुसरी, काही वेळा कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माशीसारखे कीटक बाहेर पडतात. मुले हिरमुसतात. अशा वेळी समजावून सांगावे की, हे परोपजीवी मित्रकीटक आहेत. त्यांनी आपली अंडी किडीच्या शरीरात घातली होती. शेतात हेच काम फुकट चालू असते आणि सरसकट फवारणीने तेच आधी थांबते.

३) मावा आणि ढाल किडा

विहिरीजवळ किंवा पाटाच्या कडेला रुईचे झाड असल्यास त्याच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा आढळतो. परसातील चवळीवरही मावा दिसतो. तेथे तांबड्या-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढाल किडा, म्हणजेच लेडी बर्ड भुंगेरा शोधावा. तो बहुतेकांना माहीत असतो. परंतु त्याची अळी मात्र काळपट करडी, लांबट, सहा पायांची व नारिंगी ठिपक्यांची असते. तिला पाहून ही नवी कीड आली असे समजून अनेक जण फवारणी करतात. प्रत्यक्षात ती भुंगेऱ्याप्रमाणेच मावा खाते.

मावा असलेला शेंडा बरणीत ठेवून त्यावर एक अळी सोडावी. सुरुवातीला मावा मोजावा व दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. किती कमी झाला, ते मुलाने वजाबाकी करून वहीत लिहावे. कापूस, ज्वारी किंवा भाजीपाल्यावर पुढे मावा दिसेल तेव्हा तेच मूल पान उलटून आधी ढाल किडा शोधेल. मित्रकीटक पुरेसे असतील तर एखादी फवारणी टळू शकते.

४) घुबडाच्या गोळ्या

जुना वाडा, पडकी विहीर किंवा मोठ्या वडाच्या ढोलीखाली अंगठ्याएवढ्या काळसर गोळ्या पडलेल्या आढळतात. गव्हाणी घुबड उंदीर अखंड गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते. अशी वाळलेली गोळी काडीने उचलून पाण्यात भिजवावी व काडीनेच उकलावी. आत उंदरांच्या कवट्या, पुढचे वाकडे दात व बरगड्या सापडतात. किती कवट्या निघाल्या, ते मोजावे. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

घुबड अशुभ आहे, असे म्हणणाऱ्या घरात या कवट्यांची मोजणी बरेच काही सांगून जाते. उंदरांसाठी विषारी आमिष वापरले असल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरून टाकावेत. ते खाल्ल्याने घुबडे दगावू शकतात.

५) टिटवीची अंडी

उघड्या रानात टिटवी जमिनीवरच, खड्यांच्या मधोमध, बहुधा ४ अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीशी इतका मिळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. नर-मादी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागले की मुलांना मागे घ्यावे व लांबूनच पाहावे. कुळवणीपूर्वी जागेच्या चारही बाजूंना दगड ठेवून तेवढा तुकडा सोडावा.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त पडतो, अशी समजूत आहे. ती खरी किंवा खोटी असे मुलांना एकदम सांगू नये. घरटे बांधावर होते की सखल भागात हे लिहावे आणि त्याच पानावर त्या वर्षीचा पाऊस नोंदवावा. चार-पाच वर्षांच्या नोंदी झाल्यावर मुलांनीच निष्कर्ष काढावा.

६) वळवाचा पाऊस व हुमणीचे भुंगेरे

सुट्टीतील सर्वांत उपयोगी नोंद हीच आहे. सरळ कडेचा डबा उघड्यावर ठेवून पाऊस थांबताच आतील पाण्याची उंची मोजपट्टीने मोजावी. १ मि.मी. पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी, अंधार पडता पडता जमिनीतून बाहेर येतात. कडुनिंब, बाभूळ व बोरीच्या झाडावर जमून ते पाने खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात.

पाऊस व विजा थांबल्याची खात्री करून मोठ्या माणसाने मुलांसह विजेरी घेऊन ठरलेल्या झाडाखाली जावे. खाली कापड अंथरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे मोजून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. मोजणी मुलांकडे द्यावी. घरी आल्यावर हिशोब मांडावा. एक मादी सुमारे ६० अंडी घालते. २०० भुंगेऱ्यांत निम्म्या माद्या धरल्या तर १०० × ६० म्हणजे ६,००० अंडी ऊस, भुईमूग किंवा सोयाबीनच्या मुळाशी जाण्यापासून वाचली. अळी जमिनीत मुळे खाऊ लागल्यावर तिच्यापर्यंत पोहोचणे अवघड व खर्चिक असते.

पाऊस किती मि.मी. झाला, भुंगेरे कोणत्या तारखेस, किती वाजता व कोणत्या झाडावर आले, हे लिहून ठेवावे. आपल्या शेतातील ही तारीख कोणत्याही पुस्तकात छापलेली मिळणार नाही. पुढील वर्षी ती वही पाहूनच तयारी करता येते. भुंगेरे एका शेतापुरते थांबत नाहीत, म्हणून आळीतील सर्व मुलांनी व पालकांनी मिळून गावातील झाडे वाटून घ्यावीत.

याच सुमारास पावशाचे ‘पेरते व्हा’, चातकाचे आगमन, पंख फुटलेली वाळवी आणि मखमली तांबडा मृगाचा किडा यांच्या पहिल्या दर्शनाची तारीख लिहावी. मृगाचा किडा पिकाला अपाय करीत नाही. तो डबीत कोंडून ठेवू नये.

घ्यावयाची काळजी

१) नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप आहेत. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. तथापि मुलांनी कोणत्याही सापाजवळ जाऊ नये, दगडाखाली किंवा बिळात हात घालू नये. रात्री बूट व विजेरीशिवाय बाहेर पडू नये.
२) सर्पदंश झाल्यास दंशाचा अवयव न हलवता रुग्णाला त्वरित दवाखान्यात न्यावे. जखम कापू नये, घट्ट आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधावा.
३) विहीर, शेततळे व चालू ट्रॅक्टर यांच्याजवळ मुलांना एकटे सोडू नये. फवारणी झालेल्या शेतात नेऊ नये.
४) अंडी, पिल्ले व घरटी यांना हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार पक्ष्यांना व त्यांच्या अंड्यांना संरक्षण आहे. सुगरणीचे गळून पडलेले जुने घरटे मात्र जरूर उकलून पाहावे. त्यात चिकटवलेले मातीचे गोळे सापडतात.
५) दुपारी १२ ते ४ उन्हात पाठवू नये. या वेळेत चित्रे व नोंदी पूर्ण कराव्यात.

पालकांची भूमिका

मुलाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याला आलेच पाहिजे असे नाही. १८९६ मध्ये जन्मलेल्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिचा गळा पिवळा का, हा प्रश्न त्यांना पडला. घरातून त्यांना ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’मध्ये जाणकारांकडे पाठविण्यात आले आणि तेथूनच पुढे देशातील थोर पक्षितज्ज्ञ घडला. आपणही अनोळखी कीटक बरणीत किंवा छायाचित्रात घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अथवा कृषी सहायकाकडे मुलालाच घेऊन जावे व प्रश्न त्यालाच विचारू द्यावा. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ गावच्या वाचनालयात असल्यास पाहावा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ही वही दप्तरात टाकून विसरू नये. ती बियाण्याच्या व खताच्या पावत्यांसोबत ठेवावी आणि फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा मुलाला घेऊन पिकात फिरून यावे. तरी सर्व शेतकरी बंधू-भगिनींनी या सुट्टीत निदान एक झाड, एक बांध व एक वही एवढ्यापासून सुरुवात करावी.