थंडीत अडलेला डिझेल ट्रक

गुदस्त पौषातील एका पहाटे पनवेलच्या नाक्यावर भाजीचा एक डिझेल ट्रक अडून बसला होता. चालक पुनःपुन्हा किल्ली फिरवीत होता. क्लीनर तर टाकीखाली चिंध्या पेटविण्याच्या बेतात होता! आम्ही त्यास आवरिले.

डिझेल एंजिनास ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रात कोंडलेली हवा दाबाने इतकी तापते की, तीत उडविलेले तेल आपोआप पेटते. थंडीत एंजिनाच्या गार भिंती ही उष्णता शोषून घेतात. वंगण घट्ट होते, बॅटरी मंदावते, एंजिन सावकाश फिरते, आणि हवा पुरेशी तापत नाही.

परंतु पनवेलची थंडी ती केवढी! लडाखात डिझेलातील मेण गोठून गाळणी तुंबते. येथे तसे होत नाही. विद्यार्थ्यांनी आधी सायलेन्सरकडे पाहावे. किल्ली फिरविताना पांढरा धूर निघाला, तर तेल पोहोचते पण पेटत नाही. तेव्हा बॅटरी तपासावी. धूर मुळीच नसेल, तर तेलच पोहोचत नाही.

“अहो, धूर दिसतो का?”

“नाही, मास्तर.”

गाळणीवरील स्क्रू सैल करून चालकाने हातपंप मारला, तो फेसाळ तेल आले. नळीत हवा शिरली होती! फेस थांबताच स्क्रू आवळला, आणि एंजिन सुरू झाले. जोडावरील वॉशर झिजला होता.