पुरुषांनो, दुखण्याची वाट पाहू नका

भोर तालुक्यातील किंवा वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील कोणत्याही गावी जा. पारावर, एस.टी.ची वाट पाहताना, भातलावणीच्या बांधावर पहिली विचारपूस होते ती तंबाखूची. एकाच्या चंचीतून तंबाखू निघते, दुसऱ्याच्या डबीतून चुना. ही देवघेव इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही धोका आहे, असे आपल्याला वाटतच नाही.

भारतातील पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. तो गरीब-श्रीमंत पाहत नाही. आपल्याच जिल्ह्यातील श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने निधन झाले, तेव्हा ते अवघे ५७ वर्षांचे होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण चंचीतली तंबाखू कायद्याने सुटत नाही.

या रोगाची एक खोड लक्षात ठेवावी. सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, तिखट झोंबू लागते, तोंड पूर्वीइतके उघडत नाही. माणूस म्हणतो, "मला काय धाड भरलीय!" मग गाठ येते, घास गिळवत नाही, तेव्हा दवाखान्याची आठवण होते. तोवर सोपा उपाय अवघड झालेला असतो.

तपासणी म्हणजे काय?

आरोग्य सेवक किंवा डॉक्टर बॅटरीच्या उजेडात ओठ, गाल, हिरड्या, जीभ व जिभेखालचा भाग पाहतात. सुई नाही, वेदना नाही, पाच-दहा मिनिटांचे काम. सरकारी कार्यक्रमानुसार वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्यांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी. तंबाखू खाणाऱ्याने वर्षातून एकदा तरी तोंड दाखवावे, असे आम्ही सुचवतो. शंका आली तर लहान तुकडा काढून तपासतात.

याचा उपयोग होतो काय? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींत १९९६ पासून याचा अभ्यास झाला. काही पंचायतींत घरोघर जाऊन तोंडे तपासली, बाकीच्यांत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तपासणीमुळे या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

घरी काय पाहावे?

१. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड आतून पाहावे.
२. आपली तीन बोटे उभी तोंडात जातात का, ते पाहावे.
३. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, चट्टा किंवा मानेतील गाठ लगेच डॉक्टरांना दाखवावी.

पन्नाशीनंतर लघवीला त्रास होऊ लागला, तर "वयच झाले" म्हणून बसू नये. पुरःस्थ ग्रंथीची तपासणी आपल्याला हवी की नको, हे डॉक्टरांना विचारावे.

आपली माणसे दोन कारणांनी टाळाटाळ करतात. पहिले, रोजगार बुडतो. पण एका दिवसाची मजुरी आणि घरातला कर्ता माणूस यांची तुलना होत नाही. दुसरे, खर्चाची भीती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. शिधापत्रिका घेऊन चौकशी करावी.

पाचवे शील आपण सारे म्हणतो. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे वचन देतो आणि तंबाखूला त्यातून आपणच सूट देतो. विद्यार्थ्यांनो, वडिलांना उपदेश केलेला रुचणार नाही. त्यांचा हात धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तेवढे केलेत, तरी हा लेख सार्थकी लागला असे आम्ही समजू.